सभागृहाचा संताप

आमच्या नेत्या वारल्या तेव्हा मी भर सभागृहात, माईक हातात धरून, त्यांच्या निधनाबद्दल संताप व्यक्त केला. एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या खेपेला तर हात जोडून.

हे मी विसरलो होतो असं नाही, नीट घडी घालून आत ठेवलं होतं. परवा घरपट्टीवरचं नाव सुधारून घ्यायला महापालिकेच्या कचेरीत गेलो. नाव काही सुधारलं नाही. जिना उतरताना पाय सवयीनं डावीकडं वळले आणि बघतो तर सभागृहाचं दार सताड उघडं. निवडून आलेली माणसं तिथं बसली त्याला आता कित्येक वर्षं झाली. शहर वाढलं, त्याच्या वाटण्या झाल्या, कारभार साहेबलोक बघतात, आणि हे दालन गवसणी घातलेल्या तंबोऱ्यासारखं कोपऱ्यात उभं आहे. त्या दिवशी आत रंगारी होते. चुन्याचा आणि टर्पेंटाइनचा वास भरला होता, आणि त्याच्या खालून, ओल्या भिंतीतून मीठ वर यावं तसा, तो जुना वास येत होता: सागवानी पॉलिश, फायलींची धूळ, हारांतल्या शिळ्या पाकळ्या, खालच्या उपाहारगृहातलं कॉफीचं डिकॉक्शन.

मी माझ्या बाकावर जाऊन बसलो. वरून रंगारी ओरडला, "सार, वेट पेंट!" तोवर पाठीवर हिरवट पट्टा उमटला होता. या सभागृहात माझं सगळं असंच गेलं. बाकं वाजवायची तेव्हा मी टाळ्या वाजवायचो आणि सगळे हरकत घ्यायला उठले की मी त्यांना वाट द्यायला उठायचो.

अक्का माझ्या पुढच्या बाकावर बसायची. ती सत्ताधारी पक्षाची नेता. अख्खं शहर तिला अक्का म्हणायचं, तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. मला राजकारणात तिनंच ओढलं. मी का, असं विचारल्यावर म्हणाली होती, "दुसरं कोण मिळेना रे शाण्या. आणि तू पडलास तर कुणाला वाईट वाटणार नाही." मी निवडून आलो. वाईट वाटलं ते नंतर, लोकांना.

आम्ही दोघं चिकपेटच्या एकाच गल्लीतले. आमचे पूर्वज कुण्या सरदाराच्या फौजेबरोबर घोड्यावरून दक्षिणेत आले असं आमच्याकडं सांगतात. माझी अंगकाठी बघता आम्ही घोड्यांच्या मागून चालत आलो असणार. इतक्या पिढ्यांत मराठी टिकलं, पण थोडं म्हणायला कन्नड स्वल्प आणि बरं म्हणायला कन्नड सरी. शाळा कन्नड, बाजार कन्नड, भांडण कन्नड. मराठी उरलं ते स्वयंपाकघरात आणि अक्काच्या बाकावर. सभागृहात उठून बोलायचं तर मी तिला कन्नडात 'नीवु' म्हणजे तुम्ही म्हणायचो, आणि खाली बसलो की पुढं वाकून, "काय गं, बरं बोललो का?" मागं न बघता ती म्हणायची, "बोललास बरं. विषय दुसरा होता."

आमच्या लहानपणी चिकपेटमध्ये ऋतू गठ्ठ्यांतून यायचे. आषाढात लग्नं नाहीत म्हणून भाव उतरायचे, आणि उतरलेल्या भावाबरोबर गर्दी चढायची. भिजलेल्या गोणपाटाचा आणि खळीच्या साड्यांचा वास गल्लीभर. श्रावणात वरमहालक्ष्मीचं व्रत. मग रेशीम, केवडा, मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, माळांचे ओले ढीग, आणि देवीला नेसवायची साडी निवडताना देवीच्या अंगाला काय शोभेल यावर सासवासुनांचे वाद. कार्तिकात बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेहून आलेली माणसं. आठवडाभर गल्लीत चालताना पायाखाली टरफलं कुरकुरायची. उगादीला कडुलिंब आणि गूळ, आणि दुकानाच्या उंबऱ्यावर ओल्या हळदीचे ठसे. माझ्या वडिलांचं बटणं आणि जरीकाठाचं दुकान होतं, हातभर रुंद. समोर अक्काच्या वडिलांचं साड्यांचं, गादीवाल्या बैठकीचं. तिथं साडी उलगडताना ती हवेत क्षणभर थांबायची आणि मग धप्प करून गादीवर पसरायची. तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. हल्ली काचेच्या दुकानात साडी हँगरला लटकते. लटकणाऱ्या साडीला आवाज नसतो.

शाळा सुटली की अक्का दुकानात. गिऱ्हाइकांना पाणी द्यायचं काम तिचं. पितळी तांब्या, वाळा घातलेलं गार पाणी. आलेल्या प्रत्येकीला ती आग्रहानं पाजायची. स्वतः ओठाला लावायची नाही. मला वाटायचं उपास असेल. एकदा मी विचारलंही, "तुझा रोज कसला गं उपास?" तर तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं.

पुढं कळलं. गल्लीत बायकांना जायला जागा नव्हती. घरून निघताना तिची आई म्हणायची, "घोटभरच पी गं, मग कुठं जाशील?" फुलं विकणाऱ्या, फॉल लावणाऱ्या, गठ्ठे वाहणाऱ्या, दुकानात साड्या दाखवणाऱ्या पोरी, सगळ्या दिवसभर सुकलेल्या तोंडानं उभ्या. पुरुषांना काय, सगळी गल्लीच होती.

अक्का मोठी झाली, पुढारी झाली. तिनं शब्द टाकला की तळ्याला बांध पडायचा, दिव्यांचे खांब उभे राहायचे. पण चिकपेटच्या तोंडाशी पालिकेची एक बंद वखार होती, तिच्या कोपऱ्यात बायकांसाठी शौचालय बांधायचं, हा तिचा विषय आला की सभागृह नखं बघायला लागायचं. विरोधाला एकच माणूस उठायचा. व्यापाऱ्यांचे ज्येष्ठ सदस्य. त्यांना सगळे दोड्डवरु म्हणत, म्हणजे थोरले. वखारीसमोरच त्यांचं घाऊक कापडाचं दुकान. पांढरं धोतर, कपाळावर गंधाची उभी रेघ, आवाज लोण्यासारखा. ते म्हणायचे, "बांधा की. कोण नको म्हणतंय? पण लक्ष्मी यायच्या वाटेवर नको."

"लक्ष्मीला दिवसभर दुकानात उभी करा," अक्का म्हणायची, "मग बघा ती काय मागते."

सभागृह हसायचं. दोड्डवरुही हसायचे. मग म्हणायचे, "मुंदूडि." पुढं ढकला. आणि विषय पुढच्या बैठकीत, तिथून त्याच्या पुढच्या. आमच्या पालिकेत नाही कुणी म्हणत नसे. मुंदूडि म्हणत. मी किती विषय त्या एका शब्दात विरघळताना पाहिलेत. दर वेळी अक्का बाकावर टेकायची, पदरानं मान पुसायची आणि मागं हात करायची. त्या हातावर मी खिशातली पेपरमिंटची गोळी ठेवायचो. तेवढंच माझं राजकीय कार्य.

आमच्या मुदतीची शेवटची बैठक आली. तिच्यात जे मंजूर होणार नाही ते सभागृहाबरोबरच मरणार होतं. अक्का म्हणाली, "या वेळी मी मांडते, तू अनुमोदन दे. फक्त 'अनुमोदन' म्हण. आणखी काही बोलू नको, पाया पडते."

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी ती गेली.

त्याबद्दल मला लिहिता येत नाही. एवढंच आठवतं की तिच्या घरासमोर लोकांच्या चपलांचा ढीग होता आणि कुणीतरी त्यातल्या बायकांच्या चपला वेगळ्या लावत होतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. रस्त्यावरची गुलाबी झाडं नुकती फुलली होती, येणाऱ्या प्रत्येकाच्या बुटाला पाकळ्या चिकटून आत आल्या होत्या. अक्काच्या बाकावर तिचा फोटो, त्याला मल्लिगेचा हार. लाल पट्टा आणि फेटा घातलेल्या दफेदारानं उदबत्ती लावली आणि ती टोचायला जागा मिळेना म्हणून माईकच्या जाळीत खोचली. धूर सरळ माझ्या डोळ्यांत. त्यामुळं मी सगळ्यात जास्त रडतोय असं सगळ्यांना वाटलं. रडत होतोच म्हणा.

महापौरांनी शोकप्रस्ताव वाचला. कन्नडात शोकाला संताप म्हणतात. संताप सूचक निर्णय, असं त्या कागदावर वर लिहिलेलं होतं. पुढाऱ्यांची भाषणं झाली, आणि मग महापौर अचानक माझ्याकडं वळून म्हणाले, "अक्कांच्या घरची माणसं वर बसली आहेत. तुम्ही त्यांच्या भाषेत दोन शब्द बोला."

मला चार भाषा येतात आणि एकही वेळेवर येत नाही. हातात कन्नड कागद होता. मी तो धरला आणि बोलता बोलता मराठी करत गेलो. क्रियापदं बदलली, प्रत्यय बदलले. मोठे संस्कृत शब्द दोन्हीकडचेच, ते तसेच राहू दिले.

"अक्कांच्या निधनाबद्दल हे सभागृह तीव्र संताप व्यक्त करत आहे."

सभागृहानं माना हलवल्या. कन्नड कानांना त्यात काही खटकायचं कारणच नव्हतं. कुणीतरी हळूच "सरी, सरी" म्हणालं. मी वर गॅलरीत पाहिलं. अक्काची धाकटी बहीण इंदू तोंडावर पदर दाबून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मला भडभडून आलं. बिचारीला आपले शब्द पोचले. मी आवाज चढवला.

"त्यांच्या कुटुंबीयांच्या संतापात आम्ही सर्व सहभागी आहोत!"

इंदू आता पुढच्या कठड्यावर वाकली होती.

"आणि हा संताप सहन करण्याचं बळ," मी हात जोडले, "परमेश्वर आम्हांला देवो."

खाली बसलो तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण या सभागृहात काहीतरी बरं बोललो. मागं न बघता कुणी विषय दुसरा होता म्हणालं नाही. समोर फोटोची पाठ होती, तिला लावलेली पुठ्ठ्याची पट्टी, आणि त्यावर स्टुडिओचा शिक्का.

दोन मिनिटांचं मौन पाळून झालं. पंख्यांची घरघर, बाहेर कुणाचा तरी हॉर्न, उदबत्तीची राख पडायचा तो न होणारा आवाज. मग महापौर घसा साफ करून म्हणाले की रीत बघता आज बैठक तहकूब व्हायला हवी, पण ही शेवटची आहे, तेव्हा जड अंतःकरणानं नेहमीचं कामकाज घेऊ. आणि सचिवांनी त्याच सुरात विषय वाचायला सुरुवात केली. पथदिव्यांचे बल्ब बदलणं. मंजूर. उद्यानाच्या कुंपणाची तार. मंजूर. कुणी चष्मा पुसत होतं, कुणी शेजाऱ्याला लग्नाची पत्रिका देत होतं. दफेदार कॉफीचा ट्रे फिरवत आला आणि अक्काच्या बाकापाशी सवयीनं थांबला. एक क्षण. मग पुढं गेला.

तो थांबला ते मला सोसलं नाही. मी ताडकन उठलो. म्हणालो, बास करा! आमची अक्का गेली आणि तुम्ही तार मोजताय? शरम वाटू द्या. बैठक तहकूब करा! मागच्या बाकांवरून दोघातिघांनी दुजोरा दिला. माणसं कागद गोळा करू लागली. महापौरांनी घंटेकडं हात नेला.

आणि गॅलरीतून, नियमबियम सोडून, इंदूचा आवाज आला. मराठीत. "अरे येड्या, बस की खाली! अक्काचा विषय यायचाय अजून!"

तहकूब म्हणजे सगळं संपलं. तिनं जन्मभर धरून ठेवलेलं मी एका भरात सोडून देणार होतो, आणि तेही तिच्या मानापायी. महापौरांनी विचारलं, "काय म्हणतात त्या?" मी म्हणालो, "काही नाही. मला बसायला सांगतायत." आणि बसलो. सभागृह हसलं, त्या दिवसातलं पहिलं हसू, आणि हसताना सगळ्यांनी कागद पुन्हा खाली ठेवले.

तो विषय आला. वखारीच्या कोपऱ्यात महिलांसाठी शौचालय. मांडणाऱ्या: आणि सचिव थांबले. नाव वाचावं की नाही ते त्यांना कळेना. मी "अनुमोदन" म्हणालो. तेवढंच म्हणालो.

दोड्डवरु उठले.

सगळ्यांनी नखांकडं पाहिलं. मी त्यांच्या ओठांकडं पाहत होतो. मुंदूडि म्हणायला आधी ओठ मिटावे लागतात. त्यांनी आधी फोटोकडं पाहिलं, हाराकडं, मग माझ्याकडं. असं कुणी माझ्याकडं कधी पाहिलं नव्हतं. थोडं घाबरून, थोडं मानानं. आणि मग त्यांनी, ज्यांना मी कधी कन्नडाखेरीज बोलताना ऐकलं नव्हतं, साड्यांच्या गिऱ्हाइकांशी बोलावं तसं मोडकं मराठी काढलं.

"तुमचा संताप कळला मला. तीन येळा बोलले तुम्ही. माझ्या दुकानात बी मराठी बायका येते. मला कळते." मग महापौरांकडं वळून कन्नडात, लोण्यासारखा आवाज जरा फाटलेला, "नन्न विरोध इल्ल." माझा विरोध नाही.

"अंगीकार," महापौर म्हणाले. मंजूर. "पुढचा विषय, भटकी कुत्री."

झालं. कुणी बाक वाजवलं नाही. मी पुढं वाकलो आणि म्हणालो, "काय गं," आणि पुठ्ठ्याच्या पट्टीपाशी थांबलो. कुत्र्यांवर बराच वेळ चर्चा झाली. हुशार, मुद्देसूद. माझी खिशातली गोळी हातात विरघळून चिकट झाली होती.

बाहेर पायऱ्यांवर इंदू उभी होती. डोळे रडून सुजलेले आणि तोंड हसून दुखलेलं. म्हणाली, "संताप म्हणजे काय रे, मराठीत?" मी म्हणालो, दुःख. ती म्हणाली, "राग, येड्या. तुझी आई तुझ्यावर करायची तो." आणि मग पायऱ्यांवरच बसली. त्या गुलाबी पाकळ्यांत, कोऱ्या पांढऱ्या साडीत. जरा वेळानं स्वतःशीच म्हणाली, "पण होताच की अक्काला. दिसू दिला नाही कधी, एवढंच."

इंदू पुढं मुलीकडं मैसूरला राहायला गेली. दोड्डवरुही गेले. माझी सून पुण्याची. कोरमंगलाला मुलासोबत असते. माझं मराठी तिला गोड वाटतं. "बाबा, किती क्यूट बोलता हो तुम्ही," म्हणते. ती प्रेमानंच म्हणते. पण मला तू म्हणणारं, चुकलं की त्याच भाषेत शिवी देणारं माणूस आता या शहरात उरलं नाही. कधी कधी रिक्षातून जाताना मी एकटाच ओठांत बोलून बघतो: काय गं, बरं बोललो का? रिक्षावाला आरशातून बघतो आणि मीटरकडं बोट दाखवतो.

सभागृहातून निघालो तेव्हा घरी जायचं होतं. मेट्रोत बसलो आणि चिकपेटला उतरलो. पाठीवर पट्टा घेऊनच. गल्ली ओळखू येत नव्हती आणि येतही होती. खळीचा वास गेला होता, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा आला होता. वखारीच्या कोपऱ्यात ती छोटी इमारत उभी. मंजुरीनंतर किती वर्षं गेली ती बांधायला, ते सोडा. रंग उडालेला, एक दार जरा कलतं, भिंतीवर कुंकू लावलेल्या बाईचा चेहरा रंगवलेला. नाक वाकडं काढलंय. अक्काचं नाव कुठं नाही. तिथं फिनेलचा वास येत होता, आत बादलीचा खणखणाट, दोन बायकांचं कशावरून तरी भांडण, आणि शेजारच्या पायरीवर गजरे ओवणारी एक पोरगी मोबाइलवर मोठ्यानं हसत होती. समोर दोड्डवरुंच्या मुलाचं दुकान. लक्ष्मीला वाट सापडली असावी, गर्दी होती.

मी उभा राहिलो. असा एखाद्या देवळासमोर मी कधी उभा राहिलो नाही. डोळ्यांत पाणी आलं ते आलंच, या वेळी उदबत्तीचं कारण नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे.

आतून हातात झाडू घेतलेली एक बाई बाहेर आली. वरपासून खालपर्यंत मला बघितलं. "एनु अज्जा? गंडसरचं त्या बाजूला हाय."

म्हणजे, काय आजोबा, पुरुषांचं तिकडं. मी घाईनं डोळे पुसले. तिचं मराठी ऐकून इतका आनंद झाला की नको ते बोलून गेलो. छाती जरा पुढं काढून सांगितलं, "तसं नाही हो अक्का. हे आम्ही सभागृहात मंजूर केलं होतं. अनुमोदन माझं होतं."

"तुम्ही मंजूर केलंत होय? बरं केलंत," ती म्हणाली. "आता सरका. तुम्ही दारात उभे म्हणून मघापास्नं एक बाई आत जाईना."